त्या नटीचा अहवाल आणि आमची न्हाणी

गिरणी चालू असली की बातमी ओरडूनच सांगावी लागते, आणि ओरडून सांगितलेली बातमी लोकांना जास्त खरी वाटते. श्रीरामपूरजवळच्या बेलापुरात आमची पिठाची गिरणी आहे. सकाळी दळणाचे डबे ओळीने लागतात आणि डब्यांचे मालक नंबर येईपर्यंत भिंतीकडेच्या बाकावर बसून राहतात. त्या हिवाळ्यात बाकावर एकच विषय होता. टीव्हीवरच्या एका मालिकेत सुनेचं काम करणारी नटी तिच्या फ्लॅटच्या बाथरूममध्ये मेलेली सापडली होती, आणि नवऱ्यानेच मारलं याबद्दल कुणालाही शंका नव्हती.

तिच्या आईची आत्या म्हणे कधीकाळी बेलापुरात दिलेली होती. एवढ्यावर ती आमच्या गावची लेक झाली. चौकात तिचा फ्लेक्स लागला. त्यावर तिच्यापेक्षा खालच्या शोकाकुल कार्यकर्त्यांचे फोटो मोठे होते.

मग चौकशीचा अहवाल आला. घातपात नाही, असं त्यात होतं. बाथरूममध्ये गॅसचा गिझर होता, खिडकी पक्की बंद होती, आत विषारी वायू साठला आणि ती बेशुद्ध होऊन गेली. प्रकरण बंद.

त्या सकाळी बाक नुसता पेटला होता.

"गिझरनं मानूस मरतं व्हय?" एस.टी.तून निवृत्त झालेले एक ड्रायव्हर होते, ते पट्ट्याच्या आवाजावर ओरडले. "मग आपन समदे कवाच मेलो असतो!"

"तुमी कुठं मरताय भाऊ, तुमी तर आंघोळच करत न्हाई," बाजरीचा डबा घेऊन बसलेली एक बाई म्हणाली.

"हसू नका. पैसं चारल्यात वरपर्यंत. मला एक सांगा, बाकीच्यांनी त्याच बाथरूमात आंघोळ केली, ते कसं जित्तं?"

"आन् तिचं डोस्कं दुखत हुतं आठ-आठ दिस, ते? टीव्हीवर सांगितलं की. थोडं थोडं विष घालत हुता त्यो."

"वहिनी, तुमी सांगा. तुमी शिकलेल्या हाय."

मी म्हटलं, "तुमचं गव्हाचं झालं. डबा उचला."

मला खरंच त्यात रस नव्हता. ती नटी मला आवडायची नाही; मालिकेत फार रडायची. पण दळण बदलताना गिरणी थोडी थांबते, त्या वेळात बाकावर पडलेला पेपर मी उचलला आणि बातमी शेवटपर्यंत वाचली. लोक मथळा वाचतात. खाली बारीक अक्षरात होतं की, मरण्याआधीच्या दिवसांत आंघोळ झाली की डोकं जड होतं, मळमळतं, आणि बाहेर येऊन थोडा वेळ गेला की बरं वाटतं, असं तिने फोनवर आईला सांगितलं होतं. खिडकी तिनेच बंद करून घेतली होती, कारण तिला सर्दीचा त्रास होता.

मी पेपर खाली ठेवला आणि पुन्हा उचलून तेवढंच वाचलं. आंघोळ झाली की डोकं जड होतं, मळमळतं, मग बरं वाटतं. हे मी तिच्याबद्दल पहिल्यांदा वाचत होते, पण ऐकत होते ते रोज. माझ्या मुलीकडून.

मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळ तीन आठवड्यांचं. ती यायच्या आधी आम्ही न्हाणीला फरशा लावून घेतल्या आणि तिच्या पुण्याच्या सासरसारखं सुख म्हणून आत गॅसचा गिझर बसवला. गॅसची टाकी बाहेर परसात, गिझर आत, नळ फिरवला की कढत पाणी. रोज सकाळी न्हाऊ घालायला एक मावशी यायच्या. त्यांनी अर्ध्या गावाची पोरं आपल्या पायांवर आंघोळ घालून मोठी केली होती. आधी बाळ, मग बाळंतीण, आणि दोघांना घाम फुटेपर्यंत कढत पाणी. त्यांचा पहिला नियम, वारं लागता कामा नये. न्हाणीच्या वरच्या झरोक्यात त्यांनी पहिल्याच दिवशी गिरणीतलं एक गोणपाट गुंडाळून कोंबलं. दाराच्या फटीला खालून जुनं लुगडं लावलं.

काही दिवसांनी मुलीचं डोकं दुखायला लागलं. मावशींनी निदान केलं, "वारं शिरलं." म्हणून झरोक्यात गोणपाटाच्या जोडीला एक वाकळ आली. डोकं आणखी दुखायला लागलं. मग वाकळीच्या कडेने चिकटपट्टी. मावशींचंही दुखायचं, पण त्या म्हणायच्या, सकाळची मिश्री राहिली की दुखतंच. बाळ न्हाणीतून आलं की गाढ झोपायचं आणि आम्ही कौतुक करायचो, काय शहाणं पोर आहे.

मी गिरणी नवऱ्यावर टाकून भर गर्दीत घरी आले. आंघोळी आटोपल्या होत्या. मुलगी डोक्याला फडकं बांधून पडली होती, मावशी बाळाला धुरी देत होत्या, आणि दोघींचं त्या नटीचंच चाललं होतं. मोबाईलवर कुणीतरी अहवालाच्या चिंध्या करत होतं.

मी म्हटलं, "मावशी, उद्यापासून गिझर लावायचा नाही. लावलाच तर झरोका उघडा ठेवायचा."

"आन् वारं?"

"वारं आलेलं बरं. गिझरच्या गॅसने माणूस मरतं. हिचं डोकं त्यानेच दुखतंय."

मुलगी उठून बसली. "आई, तूसुद्धा?"

"मीसुद्धा काय?"

"तूसुद्धा तिच्या नवऱ्याच्या बाजूची झालीस. गिझर म्हणे! एवढी धडधाकट मुलगी गिझरने मरते?"

"अगं, मला तिच्या नवऱ्याशी काय करायचंय? मी तुझ्या न्हाणीबद्दल बोलतेय."

"एकच आहे ते. गिझरने मरतात असं तू म्हणालीस की तो सुटला."

मला हे कळेचना. म्हणजे कळलं, पण कितीही डोकं लावलं तरी पुढे सरकेना. माझ्या मुलीने बी.कॉम. केलंय, बँकेत नोकरी करते, लोकांचे अर्ज तपासते. तिला न्हाणीतल्या झरोक्याचा बोळा काढायचा म्हणजे एका खुन्याला माफ करायचं असं वाटत होतं. आणि ती एकटी नव्हती. दुपारी मी शेजारणीला तेच सांगितलं, त्यांच्याकडेही तसाच गिझर आहे. ती म्हणाली, "तुमचा पन विश्वास बसला का त्या अहवालावर?" आणि आत निघून गेली. गावात कितीतरी घरांत तोच गिझर, तशीच न्हाणी, थंडीमुळे तसाच बोळा. कुणी मारलं हे सगळ्यांना सांगायचं होतं. आपल्या घरचा बोळा कुणालाच काढायचा नव्हता.

संध्याकाळी मावशी बाळाचं बाळुतं धुऊन पायरीवर टेकल्या. मी चहा दिला आणि पुन्हा विषय काढला. पेपर दाखवला. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून वाचून दाखवला. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"कुनी लिवलं हे?" त्यांनी विचारलं.

"पोलिसांनी. डॉक्टरांनी तपासून."

"माझी धाकली बहीन जळून मेली," मावशी म्हणाल्या. "तवा बी पोलिसांनी लिवलं. सैपाक करताना ष्टोचा भडका उडाला, अपघात. कागद करून मोकळे झाले. बाई, माझ्या बहिनीच्या घरात ष्टो नव्हता. चुलीवर करायची ती. घरात ष्टोच न्हाई, आन् कागदावर भडका."

आमच्या पिढीच्या बायकांना असे कागद ठाऊक आहेत. पाय घसरून विहिरीत. साप चावून. माझ्या लहानपणी आमच्या आळीतली एक सून रात्रीत गेली आणि सकाळी सगळ्या बायका आवाज न करता पाणी भरत होत्या, ते मला अजून दिसतं. तेव्हा मावशींनी त्या अहवालावर विश्वास का ठेवावा? मला कारण सांगता आलं नसतं. पण मला त्यांचा विश्वास नकोच होता. मला झरोका उघडा हवा होता.

"मावशी, तुमच्या बहिणीचं खरं," मी म्हटलं. "त्या नटीचं खरं-खोटं मला माहीत नाही. माझ्या लेकीसाठी बोळा काढा."

"काढते की," मावशी म्हणाल्या. "तुझं मन राखायला काढते."

आणि मी विश्वास ठेवला. दुसऱ्या दिवशी पहाटे निघताना मी बोळा स्वतः उपसून परसात टाकला. मुलीला सांगितलं, "थंडी वाजली तर वाजू दे." ती "बरं" म्हणाली. संध्याकाळी विचारलं, आज डोकं? "नाही दुखलं फारसं." मला वाटलं, मिटलं. गिरणीच्या रगाड्यात मी पुन्हा पाहिलं नाही. पाहायला हवं होतं की नाही यावर आता बोलून उपयोग नाही. सकाळची वेळ गिरणीची असते, आणि माणसाने घरच्यांच्या 'बरं'वर विसंबायचं नाही तर कशावर?

मग अहवालाच्या निषेधार्थ गाव बंद ठेवायचं ठरलं. मला पत्ताच नव्हता. सकाळी निम्मी दळणं व्हायच्या आत सात-आठ पोरं आली, दंडाला काळ्या फिती.

"काकू, गिरनी बंद करा. आज गाव बंद हाय."

"बाजरी न दळल्याने तिला न्याय मिळणार आहे का?"

"आपल्या लेकीसाठी येवढं करा, काकू."

भांडायला वेळ नव्हता. मी पट्टा काढला, नवरा शेताकडे गेला आणि मी भलत्याच वेळी, आंघोळीच्या वेळी, घरी आले.

परसातून आले म्हणून मला आधी झरोका दिसला. गोणपाट, वाकळ, चिकटपट्टी, सगळं जागच्या जागी. आत गिझरचा सूंऽ आवाज. मावशी आंघोळ घालताना सतत बडबडतात, बाळाशी, पाण्याशी, देवाशी. आज बडबड नव्हती.

"मावशी!"

काही नाही. मग मुलीचा आवाज, फार लांबून आल्यासारखा, "हं."

मी आधी टाकीचं बटण फिरवून गॅस बंद केला. मग झरोक्यातून वाकळ ओढली. ती सुटेना, पट्टी चांगली घट्ट लावली होती, वारं अडवण्यात मावशींची हयात गेलीय. दोन्ही हातांनी ओढली तेव्हा गोणपाटासकट अंगावर आली आणि वाफेचा लोट बाहेर पडला. दार आतून नुसतं लोटलेलं होतं. लुगडं खाली अडकलेलं, म्हणून खांद्याने ढकलावं लागलं.

मावशी भिंतीला टेकून पाय पसरून बसल्या होत्या. बाळ त्यांच्या पायांवर होतं आणि त्या त्याच्या पाठीवरून हात फिरवत होत्या, अगदी सावकाश, झोपेत फिरवल्यासारखा. मुलगी पाटावर वाकून बसली होती. मी बाळ उचललं. ते रडलं नाही. मी त्याला बाहेर उन्हात आणून तळपायावर टिचक्या मारल्या, जोरात मारल्या, तेव्हा ते कण्हल्यासारखं रडलं. मग आत जाऊन मुलीला काखेत धरून ओढत आणलं. ती परसातच ओकली. मावशी भिंत धरून आपल्या पायांनी बाहेर आल्या आणि ओट्यावर बसता बसता म्हणाल्या, "अगं, पोराला झाक. वारं लागंल."

त्या क्षणी मी त्यांना काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

श्रीरामपूरला न्यायचं तर बंदमुळे रिक्षा नव्हती. शेजारच्यांचा टेम्पो होता. पुढे मुलगी, तिच्या मांडीवर बाळ, मागे हौद्यात मी आणि मावशी. चौकात मोर्चा आडवा होता. फ्लेक्सखाली घोषणा चालल्या होत्या आणि मघाच्याच पोरांनी टेम्पो अडवला.

"आज गाडी सोडायची न्हाई, काकू. ठरलंय."

"बाजूला हो. पोरगी आणि बाळ आहे, दवाखान्यात न्यायचंय."

त्याने पुढे वाकून पाहिलं आणि लगेच दोन्ही हातांनी गर्दी सारायला लागला. पोरं वाईट नव्हती. त्यांनीच पळत पळत टेम्पोला वाट करून दिली. पुढे गेल्यावर एकाने हौद्याला धरून विचारलं, "काय झालं, काकू?"

"गिझर."

मी शिवी दिल्यासारखा तो माझ्याकडे बघत राहिला.

दवाखान्यात दोघांना ऑक्सिजन लावला, मावशींनाही. डॉक्टर बाईंनी सगळं विचारलं आणि म्हणाल्या, "आणखी थोडा वेळ गेला असता तर मी काही करू शकले नसते. बाळं तर याला लवकर बळी पडतात. झरोका कुणी बंद केला?"

मुलीच्या तोंडावर मास्क होता. मावशींच्याही.

बाळाचा रंग दुपारपर्यंत सुधारला. संध्याकाळी ते दवाखाना डोक्यावर घेऊन रडलं, आणि कुणाच्या रडण्याचा मला इतका आनंद आधी झालेला आठवत नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही घरी आलो. मी गिझर भिंतीवरून उतरवून गोणपाटात बांधला, त्याच गोणपाटात, आणि माळ्यावर टाकला. परसात बंब पेटायला लागला. झरोक्याला नवऱ्याने बारीक जाळी ठोकली.

मला वाटलं होतं, आता तरी गाव ऐकेल. बघायला बायका येत होत्या, बाळाच्या हातावर काही ना काही ठेवत होत्या. मी प्रत्येकीला घसा फोडून सांगत होते. त्या ऐकून घ्यायच्या, "बाई बाई" करायच्या, मग एकजण म्हणायची, "नजर लागली हो. येवढं गोरं पोर." दुसरी म्हणायची, "हलक्या कंपनीचा घेतला आसंल. आमचा चांगला हाय." ड्रायव्हर भाऊ गिरणीत म्हणाले, "वहिनी, तुमच्या घरी झालं ते बरं झालं न्हाई. पर याच्यावरून त्यो नवरा निर्दोष ठरत न्हाई, एवढं ध्यानात घ्या." जसं काही मी माझ्या नातवाला त्या नवऱ्याचा साक्षीदार म्हणून उभं केलं होतं.

मावशी आठवडाभराने पुन्हा कामाला आल्या. जाळीकडे एकदा बघितलं, पाटावर बसल्या.

"तुझ्या गिझरचं मला पटलं," बाळाच्या अंगाला तेल चोळत त्या म्हणाल्या. "मीच मारत हुते गं याला. माझ्या हातानं."

"झालं ते झालं."

"पर तुझ्या गिझरचं खरं, म्हनून तिच्या गिझरचं खरं कशावरनं?"

मी बंबातलं पाणी काढून दिलं.

महिना-दीड महिन्याने मुलीला पोचवायला मी पुण्याला गेले. जावई घ्यायला आले होते, पण मीही गाडीत बसले. मुलगी म्हणाली, "आई, तू कशाला? गिरणीचं काय?" मी म्हटलं, राहू दे. तिच्या सासरी गॅस गिझर आहे हे मला माहीत होतं. फोनवर मी दोन-तीनदा विचारलं होतं, बाथरूमची खिडकी उघडी असते का? विहीणबाई प्रत्येक वेळी म्हणाल्या, "हो हो, आहे ना खिडकी." खिडकी आहे असं त्या म्हणाल्या होत्या. उघडी आहे असं नाही. आता मला हा फरक ऐकू येतो.

दारात विहीणबाई भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या ताटात घेऊन उभ्या होत्या. बाळ माझ्या हातात होतं. त्या ओवाळून टाकायला पुढे झाल्या, तशी मी मागे सरले.

"थांबा," मी म्हटलं. "आधी मला बाथरूम दाखवा."

"अहो, असं काय! आधी आत तर या. प्रवासाने..."

"प्रवासाने नाही. मला खिडकी बघायचीय."

"उंबऱ्यावर उभं राहून बाथरूम विचारतात का कुणी?" त्या हसल्या, पण हसणं अर्ध्यावरच राहिलं. जावई बॅगा धरून जिन्याकडे बघायला लागले.

मुलगी कानाशी म्हणाली, "आई, नंतर बघू ना. तमाशा नको."

"तू बघून ये, मग मी येते," मी म्हटलं.

ती चिडली होती, हे तिच्या पावलांवरून कळत होतं. भाकरतुकडा ओवाळून न घेताच, सासूच्या बाजूने ती आत गेली. आतून दिवा लावल्याचा आवाज आला.

"खिडकी आहे हो," विहीणबाई म्हणाल्या. "कबुतरं फार येतात, म्हणून काच बसवून घेतलीय. हवेशीर आहे सगळं."

मुलगी बाहेर आली. ती सासूकडे बघत नव्हती, नवऱ्याकडेही नाही.

"काच स्क्रूने पक्की केलीय," ती म्हणाली. "कडेने वरून सिलिकॉन मारलंय. बोटभर फट नाही." मग माझ्याकडे वळली. "आई, बाळाला घेऊन तिथंच थांब. आत येऊ नकोस अजून."

जावयांनी बॅगा खाली ठेवल्या आणि फोन काढून प्लंबर शोधायला लागले. विहीणबाईंनी ताट चपलांच्या रॅकवर ठेवलं आणि आतून दोन खुर्च्या आणून बाहेर पॅसेजमध्ये टाकल्या. एकीवर मी बसले, बाळ मांडीवर घेऊन. दुसरीवर त्या बसल्या, पदर सारखा केला, जिन्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्या शेजाऱ्यांना नमस्कार केला, आणि गप्प बसवेना म्हणून म्हणाल्या, "बरं, तुमच्या गावचीच ना ती? खरं काय ते सांगा. नवऱ्यानेच ना?"

मी म्हटलं, "प्लंबर किती वाजता येतोय ते विचारा आधी."